कढी उकळली, इडली वाफवली की आंबवण्याचा फायदा संपतो का?

नाही. वाफेत जिवाणू मरतात हे खरं, पण त्यांनी रात्रभरात केलेलं काम पिठातच राहतं.

माझ्या मते यातलं सर्वांत मोलाचं काम खनिजांचं आहे, आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं. डाळ-तांदळातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं. पीठ आंबट होत गेलं की धान्यातली आणि सूक्ष्मजीवांची विकरं (एन्झाइम) ते फायटिक आम्ल फोडू लागतात आणि लोह अंगी लागायला सोपं जातं. वाफवल्याने हे उलटत नाही. घरात कुणाला रक्त कमी असेल तर ही गोष्ट नक्की लक्षात ठेवा.

जिवाणूंनी बनवलेलं, पिठाला आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्लही उष्णतेत टिकतं. काही जिवाणू इतर जिवाणूंना मारणारी प्रथिनंही बनवतात. त्यातलं नायसिन आम्लात उकळलं तरी बरंच टिकतं, आणि ते चीजमध्ये लिस्टेरियासारखे रोगजंतू रोखायला वापरतात. घरच्या विरजणात ते असेलच असं मात्र नाही.

कढीत नुकसान होतं ते फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाचं थोडं, आणि जिवंत जिवाणूंचं पूर्ण. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी ताजं दही-ताकच घ्यावं. दह्यातले जिवंत जिवाणू आतड्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फोडायला मदत करतात, उकळल्यावर ती मदत जाते.

ऐरोली-वाशीच्या मे महिन्यातल्या दमट उकाड्यात पीठ लवकर फुगतं. फुगलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर फार आंबट होतं आणि मुलं इडलीला हात लावत नाहीत.