कॅथलिक शाळेच्या नियामक मंडळात नव्याने येणाऱ्या सदस्यास

वसई धर्मप्रांतातील एका माध्यमिक शाळेच्या मंडळावर आपली निवड झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. प्रथम एक सीमारेषा ओळखून घ्यावी: शाळेची दिशा, अंदाजपत्रक आणि उत्तरदायित्व ही मंडळाची कामे, तर वेळापत्रक, प्रवेश आणि वर्गातील शिस्त ही मुख्याध्यापकांची. कोणा पालकाने परस्पर आपल्याकडे तक्रार आणली, तर ती ऐकून घ्यावी, पण तिचा निवाडा स्वतः करू नये.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 30 ने अल्पसंख्याकांना शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, परंतु त्या हक्कात गैरकारभाराची मुभा नाही, असे न्यायालयांनी वारंवार बजावले आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांविषयीचा 1977 चा अधिनियम आणि 1981 ची नियमावली आपण मुळातूनच वाचावी. रीतसर चौकशी न करता एखाद्या कायम शिक्षकाला काढले, तर तो शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतो आणि बहुधा जिंकतो. त्या शिक्षकाच्या घराची होणारी ओढाताण तर कोणत्याही निकालाने भरून निघत नाही.

धर्मसंहितेनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, धर्मप्रांतातील कॅथलिक शाळांवर बिशपांची देखरेख असते, म्हणून फादर अध्यक्षस्थानी असले की प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले, सदस्य आदरापोटी गप्प बसतात. आपण तसे करू नये. हिशेब समजला नाही तर सभेतच विचारावे, मतभेद इतिवृत्तात नोंदवण्यास सांगावे, आणि सभेची कागदपत्रे आठवडाभर आधी मागून घ्यावीत.