जुन्या पिकअपचे वायरिंग बदलावे, पण मुदत ठेव मोडून नव्हे

आपल्या पत्रातला हिशेब थोडक्यात असा आहे. काकांकडून आलेल्या १९५२ च्या शेवरोले पिकअपच्या वायरिंगसाठी तीन अंदाज आले आहेत: अमेरिकेतून तयार हार्नेस (म्हणजे गाडीतल्या सगळ्या तारांचा एकत्र बांधलेला संच) मागवल्यास आयात शुल्क, वाहतूक व मजुरीसह ७८ हजार, नागपुरातच नवा बांधून घेतल्यास ४० हजार आणि खराब तारा तेवढ्या बदलल्यास ९ हजार रुपये. त्यासाठी दोन लाखांची मुदत ठेव मोडावी, आणि पुढे लग्नाच्या फोटोंसाठी गाडी भाड्याने देऊन पैसे वसूल करावेत, असा आपला विचार आहे.

माझा पहिला आक्षेप या वसुलीलाच आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, परंतु अशी गाडी व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. आणि साध्या खासगी नोंदणीवर भाडे घेतल्यास परवान्याचा प्रश्न तर उभा राहतोच, शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. म्हणून भाड्याचे उत्पन्न शून्य धरून हा खर्च परवडतो का, एवढेच पाहावे.

खर्च मात्र टाळण्यासारखा नाही. त्या काळातल्या तारांवर रबर आणि त्यावर कापडी वीण असे आवरण असे, ते इंजिनच्या उष्णतेने व आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्याने कडक होऊन तडकते, आणि फ्यूज मोजकेच असल्याने एखादी उघडी तार बॉडीला टेकली तर प्रवाह तोडणारे काही मध्ये नसते. नऊ हजारांच्या दुरुस्तीत नव्या सांध्याशेजारी तेच जुने आवरण राहते, त्यामुळे तीनही पर्यायांत मला ती सर्वांत महाग वाटते.

आयात हार्नेसच्या जादा ३८ हजारांत मुख्यतः मूळ रूप विकत मिळते. गाडी प्रदर्शनात उतरवायची नसेल तर ते देऊ नयेत. स्थानिक काम देताना एक गोष्ट लेखी ठरवून घ्यावी. ही गाडी मुळात ६ व्होल्टची आहे, आणि तेवढ्याच वॅटसाठी ६ व्होल्टला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. आजच्या गाड्यांच्या सवयीने बारीक तार ओढली गेली तर नवे वायरिंगही तापेल. पुढेमागे १२ व्होल्ट करायचे मनात असेल तर ते आत्ताच सांगावे, कारण त्यात डायनामो, कॉइल, बल्ब असा निराळा खर्च येतो, जो चाळीस हजारांत धरलेला नाही.

आता पैशाचे. ही ठेव म्हणजे आपल्या कुटुंबाचा एकमेव आपत्कालीन निधी आहे, आणि मुदतीपूर्वी मोडल्यास बँक जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लावून त्यातूनही साधारण अर्धा ते एक टक्का कापते. त्याऐवजी ठेवीवरच ओव्हरड्राफ्ट घ्यावा, म्हणजे ठेव न मोडता ती तारण ठेवून बँकेकडून उचल घ्यावी. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के अधिक असतो. नऊ टक्के धरून चाळीस हजार रुपये सहा समान हप्त्यांत फेडले तर व्याज जेमतेम हजार-अकराशे रुपये होईल, आणि दरमहा सुमारे सात हजारांचा हप्ता आपण लिहिलेल्या बारा हजारांच्या बचतीत बसतो. वैयक्तिक कर्जाचा विचारही करू नये.

आपला विमा केवळ तृतीय पक्षाचा आहे, म्हणजे पोर्चमध्ये गाडी पेटली तर तिचे नुकसान कोणी भरून देणार नाही. काम झाल्यावर पक्के बिल व छायाचित्रे जोडून आगीचे संरक्षण मिळते का, हे विमा कंपनीला विचारावे. तोवर गाडी उभी करताना बॅटरीची तार रोज काढून ठेवावी, आणि वायरिंग करणाऱ्याला आगाऊ रक्कम निम्म्याहून अधिक देऊ नये.