आजारपणाच्या निमित्ताने माजी सैनिक आणि निराधार प्राण्यांसाठी निधी उभारताना

आपला प्रश्न मी नीट वाचला. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे, केमोथेरपी आता सुरू होईल, वडील सैन्यातून निवृत्त झालेले आहेत आणि घरात प्राण्यांच्या निवाऱ्यातून दत्तक आणलेली दोन कुत्री आहेत. यंदाच्या वाढदिवसाला कोणी भेटवस्तू आणू नये, त्याऐवजी माजी सैनिकांसाठी आणि निवाऱ्यातील प्राण्यांसाठी पैसे द्यावेत, अशी आपली इच्छा आहे. नातेवाईक मात्र विचारतात की, मदत करायचीच तर कर्करोगाच्या रुग्णांना का नको? माझे उपचार संपून काही वर्षे झाली. त्या काळात सुरू केलेले निधिसंकलन आजही चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नातेवाइकांच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते देताना संकोच बाळगू नये. कॅनडाच्या टेरी फॉक्सचे उदाहरण घ्या. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. उपचारांच्या काळात रुग्णालयात सोबतच्या रुग्णांचे, विशेषतः लहान मुलांचे हाल त्याने पाहिले आणि म्हणून कर्करोगावरील संशोधनासाठी तो १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्सहून कृत्रिम पायावर धावत निघाला. जे त्याने जवळून पाहिले होते त्यासाठीच त्याने हात पसरला. आपण वडिलांचे सोबती जवळून पाहिले आहेत आणि निवाऱ्यातील कुत्रीही. देणगीदार प्रश्न विचारतात, अडवून विचारतात, आणि ज्या कामाची माहिती आपल्या अंगवळणी पडलेली असते त्याच कामाबद्दल आपण त्यांना ठाम उत्तर देऊ शकतो. आजार कर्करोगाचा आहे म्हणून मदतही कर्करोगालाच गेली पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही.

मात्र त्यातून एक अडचण उभी राहते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जपावे ते तिथेच. आपला आजार कळल्यावर लोक जे पैसे देतात ते बहुतेक वेळा आपल्या उपचारांसाठी म्हणून देतात, आपण कितीही वेगळे सांगितले तरी. आमच्या सोसायटीच्या आवारात मी टेबल मांडून बसले होते. समोर संस्थेचा फलक होता, त्यावर खाते क्रमांक मोठ्या अक्षरांत होता. तरीही वरच्या मजल्यावरचे एक आजोबा आले, त्यांनी पाचशेची नोट माझ्या मुठीत कोंबली आणि हळूच म्हणाले, "पोरी, औषधाला ठेव." मी त्यांना खुर्ची दिली, माझ्या औषधांचा खर्च विम्यातून होतो आहे हे सांगितले, हे पैसे पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या जवानांसाठी जातील असे समजावले आणि मगच, त्यांची संमती घेऊन, संस्थेच्या पावतीपुस्तकातील पावती फाडली. त्यांनी नको म्हटले असते तर नोट परत दिली असती. हा संवाद आपल्यालाही अनेकदा करावा लागेल. म्हणून आवाहनाच्या अगदी पहिल्या ओळीतच लिहावे की माझ्या उपचारांची सोय झालेली आहे आणि यातला एकही रुपया माझ्यासाठी नाही. उपचारांची सोय खरोखरच झालेली नसेल, तर आधी ती करावी. त्यासाठी मदत मागण्यात काहीही कमीपणा नाही, पण दोन्ही आवाहने एकत्र करू नयेत.

याच कारणाने पैसा आपल्या किंवा घरातील कोणाच्याही खात्यात येऊ देऊ नये. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजार रुपयांहून अधिक रक्कम आपल्या नावावर जमा झाली, तर ती करपात्र उत्पन्न ठरू शकते, ही झाली कायद्याची बाजू. त्याहून महत्त्वाचे असे की, आजारी माणसाला कोणी हिशेब विचारत नाही, आणि ज्या पैशाचा हिशेब विचारला जात नाही त्याबद्दल पुढे कुजबुज होते. देणगीदाराने थेट संस्थेच्या खात्यात पैसे भरावेत, पॅन क्रमांक द्यावा आणि पावती संस्थेने द्यावी. ८०जी म्हणून ओळखली जाणारी, देणगीवरील आयकराची सवलत हवी असणाऱ्यांना हेही सांगावे की, दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, नव्या करप्रणालीत ती नाही आणि वस्तुरूप देणगीलाही ती लागू नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेला भाऊ किंवा मैत्रीण पैसे पाठवणार असेल, तर ती विदेशी देणगी ठरते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातेवाइकाने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे त्यात मोडत नाहीत. सार्वजनिक ठिकाणी पेटी फिरवायचा विचार असेल, तर गणेशोत्सव मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते हे लक्षात घेऊन, संस्थेमार्फत तिथे आधी विचारणा करावी.

संस्था निवडताना माजी सैनिकांची बाजू तुलनेने सोपी आहे. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो आणि त्या निधीचे काम आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून चालते. वडिलांना घेऊन तिथे एकदा जाऊन यावे. पुण्याजवळ खडकीला पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून चालणारे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तसेच पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटही आहे. वीरमरणाची बातमी सर्वांपर्यंत पोहोचते, पण तिशीत चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आणि पुढची कित्येक वर्षे तसेच जगायचे असलेल्या जवानाकडे लक्ष कमी जाते, म्हणून माझा कल नेहमी या कामाकडे राहिला.

प्राण्यांच्या निवाऱ्याची निवड अधिक चिकित्सेने करावी. मुंबईत परळला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना त्याच परळमधले बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असते. अशा जुन्या संस्थांची माहिती सहज मिळते, पण लहान निवाऱ्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष जाऊनच खात्री करावी लागते. रेबीजच्या लसीकरणाची आणि नसबंदीची नोंदवही मागावी, पशुवैद्य कोणत्या दिवशी येतात ते विचारावे आणि मागील महिन्याचा खर्च कागदावर पाहावा. लोकांना चादरी आणि बिस्किटे द्यायला आवडतात, पण खर्च होतो तो रोजच्या भात-कोंबडीवर, औषधांवर आणि पिंजरे धुणाऱ्या माणसाच्या पगारावर. आवाहनात हे स्पष्ट लिहावे.

ही पाहणी मात्र सध्या आपण स्वतः करू नये. केमोच्या प्रत्येक मात्रेनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि त्या काळात लहानसा ओरखडाही महागात पडू शकतो. काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला चावा किंवा नख लागणे विशेष वाईट, कारण तिथे संसर्ग झाल्यास हातावर कायमची सूज राहण्याचा धोका असतो. घरची कुत्री लसीकरण झालेली आणि जंतांची औषधे दिलेली असतील, तर त्यांना दूर करण्याची गरज सहसा नसते. हात धुवावेत, त्यांची विष्ठा दुसऱ्याने उचलावी, जखमेजवळ त्यांना चाटू देऊ नये. याबाबत आपल्या डॉक्टरांचा शब्द अंतिम समजावा. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर वाढदिवस असो वा कार्यक्रम, तडक रुग्णालय गाठावे.

म्हणूनच पहिल्या दिवसापासून दुसरे कोणीतरी सूत्रे हातात घेतलेले हवे. टेरी फॉक्सला १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बेजवळ थांबावे लागले, कारण रोग फुप्फुसांत पसरला होता. प्रत्येक कॅनेडियनाकडून एक डॉलर, म्हणजे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, हे त्याचे उद्दिष्ट पुढच्या फेब्रुवारीत पूर्ण झाले, तेव्हा त्याचे धावणे केव्हाच थांबले होते. पैसा कॅनडाच्या कॅन्सर सोसायटी या संस्थेकडे जात होता आणि लोकांना ते माहीत होते, म्हणून तो थांबला तरी काम अडले नाही. आपल्याकडे भाचा, मैत्रीण किंवा वडिलांचे एखादे सोबती यांपैकी एकाने फोन घ्यावेत, दुसऱ्याने दर रविवारी संस्थांकडून जमा रकमेचा आकडा मागवून सर्वांना कळवावा. आपले नाव आणि छायाचित्र किती वापरायचे, वैद्यकीय अहवालातील कोणती माहिती कोणालाही द्यायची नाही, हे त्यांना आत्ताच लिहून द्यावे, कारण केमोच्या मधल्या आठवड्यांत असे निर्णय घेण्याचे त्राण उरत नाही.

दोन्ही संस्था नक्की झाल्या की आवाहनाचा मसुदा इथेच टाका. मी वाचून दुरुस्त्या सुचवीन आणि दर आठवड्याच्या हिशेबासाठी आम्ही वापरतो तो तक्ताही पाठवीन.