नाकारलेलं काम जातं कुठे?

वाचकांचे प्रश्न : श्रम, मजुरी आणि हिशोब

या वेळी खान्देशातली चार पत्रं घेतली आहेत. चौघांची तक्रार वेगवेगळी दिसते, पण चारही ठिकाणी कुणीतरी कामाला नाही म्हटलं आहे किंवा कुणाचं तरी काम मोजलंच गेलेलं नाही.

प्रश्न : मुलगा डिप्लोमा करून चाकणला कंपनीत लागला होता. नोकरी सोडून घरी आला. म्हणतो, काम म्हणजे गुलामी, माणसानं कामच का करावं? शेतातही येत नाही. आमच्या पिढीनं कामाला कधी नाही म्हटलं नाही. हा आळस समजायचा का?
— एक वडील, शिरपूर तालुका

उत्तर : लगेच आळस म्हणू नका. आधी त्याच्याजवळ बसून नोकरीतला एक आठवडा कागदावर मांडा. शिफ्ट किती तासांची होती, बसमध्ये किती वेळ जायचा, जादा तासांचे पैसे कोणत्या दराने मिळाले, पगारपत्रक हातात यायचं का, नेमणूक कंपनीची होती की ठेकेदाराची? बारा तासांची शिफ्ट आणि दोन तासांचा प्रवास असेल तर झोप धरून दिवसाचे दोन-तीन तासच माणसाच्या हाती उरतात. कारखान्यात दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांपुढच्या कामाला दुप्पट दर, ही तरतूद 1948 च्या कारखाने कायद्यातच होती. ते पैसे मिळाले नसतील तर त्याचा राग कामावर नाही, फसवणुकीवर आहे. शेवटची पगारपत्रकं, अनुभवपत्र आणि पीएफचा यूएएन क्रमांक त्याने आत्ताच जमा करून ठेवावा. ठेकेदार बदलला की हे कागद मिळवताना फार दमछाक होते.

तुमच्या पिढीने नाही म्हटलं नसेल, पण त्याआधीच्या माणसांनी म्हटलं होतं. मुंबईतल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 10 जून 1890 रोजी मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली होती. आज आपण जी आठवडी सुट्टी गृहीत धरतो, ती कुणीतरी सातव्या दिवशी कामाला नकार दिल्यामुळे आली. त्या नकाराचा मान राखलाच पाहिजे.

पण मुलाच्या म्हणण्यातला दुसरा भाग आम्हाला पटत नाही. नोकरी नाकारता येते, श्रम नाकारता येत नाहीत. तो जेवतो ती भाकरी कुणीतरी थापते, तो घालतो ते कपडे कुणीतरी धुते. त्याने सोडलेलं काम नाहीसं झालेलं नाही, ते बहुधा त्याच्या आईच्या अंगावर गेलं आहे. त्याला शेतात चल म्हणण्याआधी घरातली रोजची कामं लिहून काढा आणि त्यातली कोणती तो घेतो ते त्यालाच ठरवू द्या. गुलामीविरुद्ध बोलणाऱ्याला हे न्यायाने मान्य करावं लागेल. शेतात यायला तयार झाला तर एक ठरावीक काम पूर्ण त्याच्या हातात द्या, उदाहरणार्थ ठिबक आणि खतं सोडणं, आणि उत्पन्नातला वाटा आधी बोला. वाटा न ठरवता राबायला लावलंत तर चाकण सोडून तो पुन्हा तिथेच येऊन पोचला, असं होईल.

प्रश्न : आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, शोधायला सुरुवात होते. मागच्या वर्षी लाख-सव्वा लाख देऊनही कुणी टिकला नाही. रोजाने मात्र हीच माणसं जातात. सालभराचा पक्का पगार सोडून रोजंदारी का धरतात?
— एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, वर्षाची रक्कम न बघता तासाचा दर काढा. समजा 1,20,000 रुपये ठरले. महिन्याला दोन खाडे धरले तर कामाचे दिवस 341. पहाटे शेणपाणी, दिवसभर शेत, संध्याकाळी पुन्हा गोठा, असे अकरा तास सहज भरतात. झाले 3,751 तास. थ्री फेज वीज रात्रीची असते तेव्हा पाणी भरायला साठ रात्री पाच-पाच तास धरा, म्हणजे आणखी 300. एकूण 4,051 तास. दर पडला तीस रुपयांच्या आत. धान्य देत असाल तर त्याची बाजारभावाने किंमत मिळवा. चार क्विंटल गहू 2,500 ने दिला तरी दर 32 रुपयांवरच येतो.

आता रोजंदारी बघा. साडेसहा तासांचे 300 रुपये धरले तर तासाला 46. वर्षात 220 दिवस काम मिळालं तर हाती 66,000 येतात. रक्कम कमी आहे हे खरं, पण त्यासाठी त्याने फक्त 1,430 तास दिले. उरलेल्या वेळात तो शेळ्या सांभाळतो, गवंड्याच्या हाताखाली जातो किंवा लेकरांजवळ असतो, आणि रात्री कुणाचा फोन येत नाही. तुमच्या गावातले आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करा. दर बदलतील, दोन्हींतली तफावत फारशी बदलणार नाही.

याच पैशात माणूस टिकवायचा असेल तर आठ तास आणि आठवड्याला एक सुट्टी ठरवा. 313 दिवसांचे 2,504 तास होतात, आणि 46 च्या दराने 1,15,000 च्या थोडं वर जातात. म्हणजे आज तुम्ही देता तेवढ्याच रकमेत बाजारभावाने एवढंच काम येतं. उरलेले सुमारे दीड हजार तास आतापर्यंत सालदाराच्या अंगातून फुकट निघत होते. ते कसे भागवायचे हा खरा प्रश्न आहे. गोठ्याचं काम वेगळं काढून शेजारच्या एखाद्याला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासांसाठी द्या. कडबाकुट्टी यंत्राने चाऱ्याचा वेळ बराच वाचतो. ठिबकचे व्हॉल्व्ह असे गटाने जोडा की रात्रीतून एकदाच बदलावे लागतील. पंपाला ऑटोस्टार्टर असला तरी रात्री व्हॉल्व्ह बदलायला एकटा माणूस पाठवू नका. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या आहे, आणि सापाचं भय तर सगळीकडेच. गमबूट आणि चांगली बॅटरी मालकाने द्यायची.

बोली कागदावर घ्या. कामाचे तास, सुट्टी, रात्रीच्या पाण्याचा प्रत्येक रात्रीचा वेगळा दर, आजारपणात किती दिवस पगार चालू राहील, आणि फवारणीचा वेगळा दर. फवारणीची अट सैल सोडू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतमजूर आणि शेतकरी दगावले. कपाशी डोक्याइतकी वाढली की औषध थेट तोंडावर येतं, म्हणून त्या उंचीवर पाठीवरच्या पंपाने फवारणीच करू नये. एरवीही सकाळी किंवा चारनंतर, वाऱ्याला पाठ देऊन, पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क घालूनच फवारावं. चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवावं आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डॉक्टरला औषध कोणतं ते कळल्याशिवाय नेमका उपचार सुरू होत नाही.

सालदारकी बहुतेक वेळा उचलीवरून मोडते. आखाजीला मोठी रक्कम दिली, लग्नात किंवा आजारपणात ती संपली, मग महिन्याला हातात काही येत नाही आणि माणूस पोळ्याच्या आसपास निघून जातो. उचल वर्षाच्या रकमेच्या चौथ्या हिश्शापुढे जाऊ देऊ नका, बारा समान हप्त्यांत कापा आणि दर महिन्याला दोघांच्या सह्या घ्या. उचल फिटेपर्यंत माणसाला अडवून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, मग कागदावर त्याचा अंगठा असो की सही.

प्रश्न : कापसाच्या पहिल्या वेचणीला बाया धावत येतात, शेवटच्या वेचणीला कितीही हाका मारा, येत नाहीत. किलोचा दर तोच आहे. लोकांना काम नकोच झालं आहे का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : दर तोच आहे म्हणूनच येत नाहीत. पहिल्या भर वेचणीत झाड पांढरं झालेलं असतं, सराईत बाई दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलो वेचते. दहा रुपये किलोने 400 ते 450 झाले. शेवटी बोंडं लहान, अर्धवट उमललेली, कवडी (किडका, डागी कापूस) जास्त आणि दोन झाडांमधली चाल तेवढीच. तिथे अठरा किलो भरणंही कठीण, म्हणजे 180 रुपये. शेजारी निंदणीला 300 मिळत असताना तिने का यावं?

प्रत्येक वेचणीचा दर वेगळा ठरवा. दव सुकल्यावर मध्यम चालीच्या दोन बायांना एक तास वेचू द्या आणि वजनाची सरासरी घ्या. तिला सहाने गुणा. सातने गुणू नका, दुपारनंतर हात मंदावतो. समजा तीन किलो भरले, तर दिवसाचे अठरा. दिवसाची मजुरी 300 असेल तर किलोला सुमारे 17 रुपये होतात. कापसाला क्विंटलला 7,000 भाव धरला तर जवळजवळ चौथाई भाव वेचणीतच गेला. हे परवडत नसेल तर ती वेचणी करूच नका, पऱ्हाट्या उपटा. डिसेंबरनंतर फरदड ठेवली, म्हणजे जुनंच पीक पुढे चालू ठेवलं, तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, हा तोटा वेगळाच.

ओल्या कापसावरून होणारी भांडणं टाळता येतात. पहाटे दवात वेचलेला कापूस काट्यावर जास्त भरतो, मग मालक अंदाजाने किलो-दोन किलो कापतो आणि बायांना वाटतं आपल्याला लुटलं. वेचणीची सुरुवातच दव गेल्यावर करा. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत आठ टक्के ओलावा प्रमाण धरतात, त्यापुढे पैसे कापले जातात आणि बारा टक्क्यांवर माल घेत नाहीत. म्हणून कोरडा कापूस तुमच्याच फायद्याचा आहे. काटा सगळ्यांसमोर टांगा, आधी रिकामा दाखवा, प्रत्येकीचं गाठोडं तिच्यासमोर मोजून आकडा मोठ्याने म्हणा आणि तिच्या चिठ्ठीवर लिहा. अंदाजाची घट बंद झाली की बोलवायला जावं लागत नाही, हे बऱ्याच शेतांवर दिसतं.

प्रश्न : घर, दोन म्हशी आणि घरच्या शेतातली निंदणी-वेचणी मी करते. कुणी विचारलं तर घरचे सांगतात, ‘ती काही करत नाही, घरीच असते.’ माझ्या कामाची किंमत कशी काढायची?
— एक वाचक भगिनी, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, सरकार ती किंमत काढतं, फक्त घरात कुणी सांगत नाही. कृषी मूल्य आयोग हमीभाव सुचवताना रोख खर्चात घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी मिळवतो आणि त्या बेरजेच्या किमान दीडपट भाव धरतो. कापूस हमीभावाने विकला गेला तर त्या पट्टीत तुमच्या निंदणीचे पैसे आलेले असतात. घरकामाचंही मोजमाप झालं आहे. 2024 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, असं काम करणारे पुरुष 88. अपघाताच्या भरपाईत गृहिणीचं उत्पन्न धरलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2021 मध्ये स्पष्ट केलं.

एक वही करा. तारीख, काम, तास आणि त्या कामाला गावात चालू असलेला दर, एवढंच लिहा. शेतातलं काम रोजच्या दराने, म्हशींचं काम दुधाच्या पैशातून वैरण-पेंड वजा करून. स्वयंपाक-धुणी तासांतच ठेवा, रुपये लावलेत की त्यावरच वाद सुरू होतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. खरीप ते उन्हाळा असा पूर्ण हंगाम लिहा, कारण वेचणीच्या दिवसांतलेच आकडे दाखवलेत तर घरचे म्हणतील, बाकीचे दिवस रिकामेच.

वही भरली की दोन गोष्टी मागा. दुधाचे पैसे तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात यावेत, त्यासाठी डेअरीत खातं तुमच्या नावाने लावावं लागेल. आणि सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून तुमचं नाव. पतीची संमती असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अर्जाला सातबारा, आठ-अ आणि दोघांचं आधार जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.