आजारातून उठल्यावर पडलेले वडील तीन आठवड्यांनंतरही भ्रमिष्टासारखं बोलतात, हे वयामुळेच का?

न्यूमोनियातून घरी आलेले ७९ वर्षांचे वडील चौथ्या दिवशी न्हाणीत घसरले, आणि तेव्हापासून त्यांना दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत. त्यावर तुमचे डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी डॉक्टर नाही, पण हेच ऐकून मीही महिना घालवलाय, म्हणून लिहितोय.

आमचं घर गोव्यात डिचोलीजवळ. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आईला लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप आला. तो उतरतोय तोच ती तुळशीपाशी शेवाळावरून घसरली. डोक्याला टेंगूळ, बाकी काही नाही. त्याच दिवशी सीटी स्कॅन केला, तोही चांगला आला. दोन दिवसांनी ती मला ‘दादा’ म्हणायला लागली. दादा म्हणजे तिचा वारलेला भाऊ. तिन्हीसांजेला पेडण्याला माहेरी जायचा हट्ट. गोधडीचा सुटलेला दोरा घेऊन ती अबोलीची फात, म्हणजे वेणी, गुंफत बसायची, फुलांशिवाय. गाठीवर गाठ मारायची आणि विचारायची, "देवाला पुरेल ना रे?"

सकाळी मात्र तासभर अगदी शहाणी. हा चढउतार तुमच्याकडेही आहे का बघा. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सहसा महिने-वर्षं घेत चोरपावलांनी येतो. चार दिवसांत आलेला, तासातासाला बदलणारा गोंधळ बहुधा डिलिरियम असतो आणि त्यामागे कारण असतं, बरेचदा एकाहून जास्त. वय काय, ते न्यूमोनियाच्या आधीही ७९ च होतं की!

आईचं पहिलं कारण रक्तात सापडलं. सोडियम १२१, जे १३५ च्या वर हवं. ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, त्यात ताप, उलट्या आणि नुसत्या पेजेवर काढलेले दिवस. आईला भरती करून सोडियम सावकाश वाढवावं लागलं, कारण एकदम वाढलं तर मेंदूला इजा होऊ शकते. (मिठाचं पाणी पाजा, असा सल्ला आमच्या काकींनी दिला होता. पाजू नका.)

आई थोडी सावरली आणि पुन्हा बिघडली. पाचव्या आठवड्यात डाव्या पायातली चप्पल वाटेतच निसटून राहायची, तिला पत्ताही नसायचा. चप्पल सैल झाली म्हणून आम्ही नवी आणली! पाय ओढतोय हे फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीने ओळखलं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, पुन्हा सीटी केला, तर कवटी आणि मेंदूच्या मधे जुनं रक्त साचलेलं. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे तिथल्या शिरा ताणलेल्या असतात आणि साध्या धक्क्यानेही झिरपतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका जास्त. साचायला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून पहिल्या दिवशीच्या चांगल्या स्कॅनवर विसंबू नका. कवटीला भोक पाडून ते रक्त काढलं.

तुमच्या जागी मी याच आठवड्यात सीटी पुन्हा करायला सांगेन. सोबत सोडियम, साखर, लघवी, छातीचा एक्स-रे. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता, विशेषतः झोपेच्या, सर्दीच्या, खाजेच्या. लघवी तुंबलीय का, शौचाला किती दिवसांत झालं नाही, हेही सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र दिवसभर लावून ठेवा. सारखी गुंगी, उलट्या, फिट किंवा एक बाजू लुळी वाटली तर आठवडा कसला, लगेच १०८ ला फोन करा.

सगळं निस्तरल्यावरही आईचं डोकं ताळ्यावर यायला तीन महिने लागले. मासे घेताना सुटे पैसे परत घ्यायला अजून विसरते, पण फात आता खऱ्या अबोलीची करते.

आणखी एक. डॉक्टरांना नुसतं "गोंधळलेत" सांगू नका, आधी काय काय करत होते ते सांगा. आम्ही सांगितलं, तापाच्या आदल्या आठवड्यात ही एकटी कदंबाच्या बसने पेडण्याला जाऊन आली होती, येताना माहेरचा फणस घेऊन. दुसऱ्या स्कॅनची चिठ्ठी त्यानंतर मिळाली.