पन्हाळा ते पावनखिंड मदतनिधीसाठी पदभ्रमंती कशी आयोजित करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: पन्नासेक जणांना घेऊन पन्हाळा ते पावनखिंड चालायचं आणि त्यातून वाटेवरच्या शाळांसाठी निधी उभा करायचा, तर सुरुवात कुठून करावी? माझं मत विचाराल तर पैशांपासून. वाट त्यानंतर.

चालण्याचं शुल्क आणि देणगी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. जेवण, मुक्काम, टेम्पो, वाटाड्या यांसाठी घेतलेले पैसे ही देणगी नव्हे. त्यावर करसवलतीची, म्हणजे ८०जीची, पावती देता येत नाही. देणगीची पावती निराळी फाडा, तीही संस्थेकडे ८०जीची मान्यता असेल तरच. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, म्हणून मोठ्या रकमा बँकेतूनच घ्या. संस्था नोंदणीकृत नसेल, तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात कलम ४१क खाली रीतसर अर्ज करा. एकाच खात्यात सगळं गोळा झालं की शेवटी निधीतूनच टेम्पोचं भाडं जातं आणि लोकांचा विश्वास उडतो.

तारीख निवडताना १२-१३ जुलैच्या आसपासचे शनिवार-रविवार पहिल्या वेळी टाळाच. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, म्हणून त्या दिवसांत या वाटेवर हजारो लोक असतात. मुक्कामाला घरं मिळत नाहीत, पायवाटेचं लोणी झालेलं असतं. शिवाय शेतात भाताची लावण चालू असते. वाट बांधावरून जाते. चिखल चुकवायला एकाने पाय बाजूला टाकला की मागचे चाळीस जण तिथूनच जातात आणि कुणाच्या तरी लावलेल्या रोपांचा चेंदा होतो. बांधावर एकेरी रांग, ही अट नाव नोंदवतानाच सांगा. ऑक्टोबर चालण्यासाठी सर्वांत सोयीचा.

अंतर पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणून दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी गडाच्या राजदिंडी वाटेने उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी आंबर्डे, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरपाणी आणि खिंड. सकाळी सातला निघालात तरच पहिला मुक्काम उजेडात गाठाल. पावसाळ्यात ताशी तीन किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरू नका.

पंचवीस-पंचवीसचे दोन गट करा आणि त्यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. प्रत्येक गटात पुढे स्थानिक वाटाड्या, मध्ये प्रथमोपचाराची पिशवी घेतलेला आणि सर्वांत मागे एक खमक्या माणूस. मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. मसाई पठारावर याचं महत्त्व कळतं: सपाट माळ, चहूकडे फुटलेल्या ढोरवाटा आणि धुकं आलं की वीस पावलांवरचा माणूस दिसत नाही. मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, शिट्टी प्रत्येकाकडे हवी. पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा वनविभागाला आधी पत्र द्या.

या वाटेवर लोक दमाने कमी आणि पायांनी जास्त हरतात. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या बुटांचा डिंक सुकलेला असतो. चिखलात तळवा सुटून येतो. दोन आठवडे आधी तेच बूट घालून पंधरा किलोमीटर चालून बघायला सांगा. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन, मुक्कामाला कोरडे मोजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी चिखल्या आणि फोड. जळवांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी.

खिंडीत उतरायला लोखंडी जिना आहे. कासारी नदीचं पाणी वाढलेलं असेल तर खाली उतरू नका, इतिहास वरच सांगा. सांगताना बाजीप्रभूंसोबत खिंडीत लढलेल्या बांदल मावळ्यांचं आणि महाराजांचं सोंग घेतलेल्या, पन्हाळ्याखालच्या शिवा काशीदचं नाव आवर्जून घ्या. त्या रात्रीची किंमत त्यांनीही मोजली.

शाळांना काय हवं ते मुख्याध्यापकांना महिनाभर आधी विचारा. सगळेच वह्या आणि जुने कपडे नेतात. गरज बहुधा पाण्याच्या टाकीची किंवा गळक्या पत्र्यांची असते. वाटप चालण्याच्या दिवशी ठेवू नका. रविवारी शाळा बंद असते, आणि चिखलाने माखलेली माणसं पाहुणे म्हणून आली की गावालाच त्यांची सरबराई करावी लागते. पुढच्या आठवड्यात दोघातिघांनी जाऊन सामान पोचवा आणि पावत्यांसकट हिशेब देणगीदारांना पाठवा.