कृपेवर विसंबायचं म्हणजे प्रयत्नच सोडून द्यायचे का?

नाही. तारण (पापापासून सुटका) कृपेने, म्हणजे देवाच्या फुकट दयेने मिळतं हे बहुतेक ख्रिस्ती लोकांना मान्य असतं (बायबल, इफिसकरांस २:८-९). घोळ होतो तो त्यानंतर, ‘आता पुढचं माझं मी बघतो’ म्हणून कंबर कसली की. गलतीयातल्या मंडळ्यांचं (ख्रिस्ती समुदायांचं) असंच झालं आणि प्रेषित पौलाने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं: पवित्र आत्म्याने सुरुवात करून आता देहाने, म्हणजे स्वतःच्या बळावर, पूर्ण होणार का? (गलतीकरांस ३:३).

पण हाच पौल १ करिंथकरांस १५:१० मध्ये सांगतो की, इतर प्रेषितांपेक्षा मी जास्त श्रम केले. आणि लगेच स्वतःला आवरतो: मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने. घाम त्याचाच, बळ मात्र उसनं नव्हे, दिलेलं.

आपण कशावर विसंबतो हे चुकल्यावर कळतं. रागाच्या भरात घरच्यांना नको ते बोललात, आणि रात्री प्रार्थनेला बसवत नाही. ‘दोन-चार दिवस नीट वागून दाखवतो, मग देवापुढे जातो’ असं वाटतं ना, तिथेच स्वप्रयत्न लपलेला असतो (दिसायला अगदी नम्रतेसारखा!). इब्री ४:१६ उलट सांगतं: गरज आहे त्याच वेळी, धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या. म्हणून त्याच रात्री, आहात तसे जा. सकाळी घरच्यांची माफी मागायची आहेच.